स्टॅबिलायझर आणि शेजारधर्म

माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याच्या घरातला स्टॅबिलायझर पाहावा, असं माझं मत आहे. काही घरांत तो भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीखाली, पुसून-बिसून टांगलेला असतो. काही घरांत त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो आणि रुमालावर प्लास्टिकची फुलदाणी. त्या रुमालानं त्याची हवा कोंडते आणि तो तापतो, हे घरातल्या सर्वांना माहीत असतं; पण आपल्याकडे ज्याचा आदर करायचा त्याचा श्वास कोंडण्याची पद्धतच आहे. आणि काही घरांत तो फ्रिजच्या मागं, झुरळांच्या सहवासात, अधूनमधून ‘टक्’ करत पडून असतो. निवृत्त सासऱ्यासारखा. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, पण आपण नसलो तर हे घर एक दिवस चालणार नाही अशी त्याची स्वतःची खात्री असते.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत काउंटरला बसतो. विजेशी माझा अधिकृत संबंध एवढाच, की ती गेली की ‘सिस्टीम डाऊन आहे’ असं म्हणून मला चहा पिता येत असे. तेही सुख आता राहिलं नाही. शाखेच्या मागच्या खोलीत कपाटाएवढ्या बॅटऱ्या बसल्या आणि बाहेर अंधार झाला तरी आत आम्ही पासबुकं भरतच राहतो. तरीसुद्धा गेली काही वर्षं या स्टॅबिलायझर नावाच्या वस्तूनं मला छळलं आहे, आणि तेही एका नैतिक प्रश्नाच्या रूपानं. प्रश्न तसा साधा आहे. आपली वस्तू सांभाळण्याचा हक्क माणसाला कुठवर आहे? कुठवर म्हणजे, अगदी नेमकं विचारायचं तर, कितव्या खांबापर्यंत?

या प्रश्नाचं गाव गागोदे बुद्रुक. तालुका पेण, जिल्हा रायगड. १९८१ पूर्वीचा कुलाबा. तिथं माझे मामा राहतात. परक्या माणसाला गागोदे एकच गोष्ट सांगतं : इथं ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. विनोबांच्या लहानपणी त्या घरात वीज नव्हती, त्यामुळं व्होल्टेजचा प्रश्नही नव्हता. इच्छा नाही तिथं दुःख नाही असं संत सांगतात. विजेच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्याचा कॉम्प्रेसर कधी जळत नाही.

खरं म्हणजे या जिल्ह्यानं विजेची कमाई फार लवकर केली. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला साठवलेलं पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरून खाली आलं, त्यानं चक्रं फिरली, आणि निघालेली वीज तारांवर बसून सरळ मुंबईच्या गिरण्यांत गेली. तारांखालच्या गावांनी मान वर करून तारा पाहिल्या आणि घरी येऊन कंदिलाची काच पुसली. तारेच्या डोक्याला कोण आणि टोकाला कोण, हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न आहे. आता वीज गावोगाव आली, एवढाच त्यात फरक; प्रश्नही तिच्याबरोबर गावोगाव आला.

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असावा असं शास्त्र सांगतं. १९५६ सालच्या विद्युत नियमांनी त्यात सहा टक्के इकडं-तिकडं व्हायला मुभा दिली, म्हणजे सुमारे २१६ ते २४४. हा झाला कागदावरचा दाब. तारेवरचा निराळा. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरला गावात कोणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही, डीपीच म्हणतात, लांबलचक अधिकृत नाव असलेल्या साहेबाला आम्ही ‘आर.एम.’ म्हणतो तसं) तर डीपीपासून जसजसं लांब जावं तसतसा दाब उतरत जातो. तारेचा स्वतःचा विरोध असतो, आणि तार जेवढी लांब व तिच्यातला प्रवाह जेवढा मोठा, तेवढे व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. संध्याकाळी सातनंतर सगळ्यांच्या घरी एकदमच दिवेलागण झाली की डीपीजवळ २३० असलेले व्होल्ट टोकाला पोचेपर्यंत १६०-१७० होतात. प्रवासखर्च वजा जाता.

मामांचं घर अकराव्या खांबावर. त्यांच्या अलीकडं, सातव्या खांबावर, गावात सगळे ज्यांना ‘भाऊ’ म्हणतात त्यांचं घर. आणि शेवटच्या, एकोणिसाव्या खांबावर एका ताईंचं दुकान. दुकान म्हणजे समोर पत्र्याची पडवी, बरण्यांत गोळ्या-बिस्किटं, टांगलेली शांपूची पाकिटं, आणि मागं राहतं घर. हे तीन खांब नीट ध्यानात ठेवा; पुढचं सगळं नीतिशास्त्र यांच्यावर टांगलेलं आहे.

सुरुवात मामांनी केली, आणि सुरुवात निर्दोष होती. मामीला मधुमेह आहे. इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, म्हणून फ्रिज, आणि फ्रिज म्हणून स्टॅबिलायझर. ज्या मामांनी आयुष्यभर गार पाण्यासाठी माठाचं समर्थन केलं, त्यांनी पेणहून एस्टीत मांडीवर घेऊन स्टॅबिलायझर आणला. यात कोणाला काय नाव ठेवता येईल?

मग भाऊंच्या मुंबईच्या मुलानं त्यांना एअरकंडिशनर बसवून दिला. भाऊंना त्याची हौस नव्हती, गोधडी घेऊन त्याच्यापुढं झोपत असत. पण यंत्र महागाचं, दाबाचा भरवसा नाही, म्हणून मुलानं आख्ख्या घराला पाच केव्हीएचा मेनलाइन स्टॅबिलायझर लावला. माझ्या उंचीचा नव्हे, पण माझ्या पगारातल्या माणसानं आदरानं बघावं एवढा मोठा. त्याच्या काट्यावर संध्याकाळीही २३० दिसत. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा दाखवीत, लोक नातवाचे मार्क दाखवतात तसा.

त्याच सुमारास ताईंनी बचत गटातून कर्ज काढून जुना फ्रिज घेतला. उन्हाळ्यात थंड पाणी, ताक आणि पोरांना पेप्सीच्या कांड्या विकायच्या. दीड महिना धंदा बरा झाला. मेच्या मध्यावर एका रात्री फ्रिज नुसता घरघरला, मग वास आला, मग कायमचा गप्प झाला.

‘जास्त दाबानं जळतं ते समजतं, कमी दाबानं कसं जळेल?’ असं मी गावच्या वायरमनला विचारलं. हा वायरमन म्हणजे माझा विजेतला गुरू. खांबावर चढलेला असतानाच तो उत्तम शिकवतो. जमिनीवर आला की त्याला घाई असते. तो म्हणाला, “साहेब, उपाशी माणसाच्या डोक्यावर पोतं दिलं तर काय होईल? उचलणार नाय, पण उचलायला जोर तर लावील ना? तसंच.” मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या हिशेबात घटतो. २३० चे १६० झाले म्हणजे जोर निम्म्याहून थोडा कमीच. कॉम्प्रेसर फिरायला बघतो, फिरता येत नाही, अडकलेली मोटर नेहमीच्या कैक पट प्रवाह ओढते आणि तिची वेटोळी जळतात. बंद झालेला फ्रिज लगेच सुरू केला तरी हीच गत, कारण आतल्या वायूचा दाब उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात. चांगले स्टॅबिलायझर म्हणून तीन मिनिटं थांबून मगच वीज सोडतात. ताईंकडे स्टॅबिलायझर नव्हता. कर्जात बसला नाही.

इथवर ही नुसती दुर्दैवाची गोष्ट आहे. तिची नीतिकथा वायरमननं केली. खांबावरून उतरता उतरता, पक्कड कमरेला खोचत तो म्हणाला, “भाऊंचा डबा बसला तेव्हापासून टोकाला जास्तच बोंब आहे. आणि तुमच्या मामांचा पण आहेच की छोटा.”

मला वाटलं, याचं भाऊंशी काहीतरी वाकडं असेल. पण घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला, तेव्हा जमाखर्चाच्या माणसाला पटावं असं काहीतरी समोर आलं. पाणी तापवायची हजार वॅटची साधी कांडी घ्या. २३० व्होल्टला ती साडेचारच्या आतबाहेर अँपिअर ओढते. दाब १६० वर आला की ती आपणहून तीन अँपिअरवर येते. पाणी उशिरा तापतं, पण कांडीची तक्रार नसते. जुना तारेचा बल्बही असाच समजूतदार. दाब उतरला की पिवळा पडायचा, पण तारेवर हात आखडता घ्यायचा. घरात पाहुणे फार झाले की आई ‘मला आज भूक नाही’ म्हणते, त्यातला प्रकार.

आता हीच कांडी स्टॅबिलायझरच्या पलीकडं लावा. तो कांडीला पुरे २३० देतो. आणतो कुठून? स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. घरात खाण नाही की धबधबा नाही. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार दोन्हीकडं जुळलाच पाहिजे. कांडीला हजार वॅट पोचवायचे आणि तारेवर दाब १६०, म्हणजे तारेतून सव्वासहा अँपिअर ओढायला हवेत. स्टॅबिलायझर स्वतः खातो ते वेगळंच. तीनच्या जागी सव्वासहा! टंचाई आली की साधी कांडी आपली मागणी कमी करते. स्टॅबिलायझरवरची कांडी वाढवते. प्रवाह वाढला की तारेत जास्त दाब खर्ची पडतो, म्हणजे पुढच्या खांबांचा दाब आणखी उतरतो. भाऊंच्या काट्यावर जे २३० दिसत होते, त्यांतले काही व्होल्ट एकोणिसाव्या खांबावरून आलेले होते.

हा कागद घेऊन मी मामांकडे गेलो. मामा निवृत्त शाळामास्तर. गागोद्यात राहायचं म्हणजे विनोबा वाचलेच पाहिजेत अशा मताचे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली प्रवचनं आणि १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात फक्त स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर दिलेली व्याख्यानं, दोन्ही त्यांच्या उशाशी असतात. त्यांनी चष्मा लावून माझा हिशेब पाहिला, एक हातचा चुकला आहे का ते तपासलं (सवय) आणि म्हणाले, “अरे, पण स्टॅबिलायझर म्हणजे स्थितप्रज्ञच की! बाहेर कमी होवो, जास्त होवो, आत सारखा. लाभ-हानी समान. मी तर मुलांना उदाहरण म्हणून हेच सांगितलं असतं.”

“मामा,” मी म्हटलं, “स्थितप्रज्ञ बाहेर कमी झालं तर आतली गरज कमी करतो. हा बाहेर कमी झालं तर जास्त ओढतो. त्याची शांती शेजाऱ्याच्या खर्चानं आहे.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मामी आतून म्हणाली, “म्हणजे मी इन्सुलिन बाहेर ठेवू का?”

आता सांगा. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत माणसं कायम एका नावेत तरी असतात नाही तर विहिरीच्या काठावर तरी. स्वयंपाकघरातून कोणी असा प्रश्न विचारत नाही, म्हणून ती पुस्तकं लिहून पूर्ण होतात. मामीच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर काढा असं म्हणण्याची माझी छाती नव्हती, आणि तसं म्हणणं बरोबर आहे असं आजही मला वाटत नाही. फ्रिज तारेवरून जे जास्तीचं ओढतो ते अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या घरातलं. पण ‘आमचा छोटा आहे’ हे मोजमाप झालं, समर्थन नव्हे. भाऊंनाही त्यांचा मोठा वाटत नसणार. आपल्याला लागणारी गोष्ट गरज, शेजाऱ्याला लागणारी ती हौस, हा भेद जगातल्या प्रत्येक भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच केला जातो.

त्या दिवसापासून मी घर सांभाळण्याच्या उपायांकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. बाजारात ते एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले असतात, पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे. काही उपाय आपलंच दार लावून घेतात. फ्यूज घ्या. प्रवाह भलताच वाढला की तो स्वतः वितळतो आणि घर वाचवतो. (आपण त्याच्या जागी तांब्याची जाड तार घालतो, म्हणजे हा सज्जन पुन्हा पुन्हा मरू नये! मग वायरिंग मरतं.) दाब मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा कटऑफ घ्या, तो म्हणतो, असली वीज मला नको. विजेच्या लाटेपासून वाचवणारी स्पाइकवाली पट्टी घ्या. तिच्या पोटात जस्ताच्या भस्माची एक चकती असते. एरवी ती वीज अडवून गप्प बसते; लाट आली की क्षणात वाट देते आणि जादा वीज जमिनीकडं वळवते. प्रत्येक लाटेगणिक ती थोडी झिजते आणि एके दिवशी संपते. पट्टीवरचा लाल दिवा पुष्कळदा तरीही जळतच असतो, त्यामुळं तिच्या हौतात्म्याची वार्ता टीव्ही गेल्यावर कळते. आणि अर्थिंग नीट नसेल तर तिला ती लाट ढकलायला नीट वाटच मिळत नाही. एप्रिल-मेत जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतावं लागतं, हे मला माहीत होतं; पण तुळशीला पाणी घालणारी आपली माणसं अर्थिंगला घालत नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ढग गडगडले की प्लग उपसून ठेवणं. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यावर कोणाची श्रद्धा नाही.

हे सगळे उपाय त्यागी पंथाचे. आपण थांबतात, आपण तुटतात, आपण जळतात. शेजाऱ्याच्या तारेला हात लावत नाहीत. स्टॅबिलायझर दुसऱ्या पंथाचा. तो थांबत नाही. कमी पडलं की जास्त घेतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याचं कधी आलं ते त्याला कळतही नाही. तो दुष्ट नाही. त्याला बिचाऱ्याला मागं किती खांब आहेत हे दिसतच नाही. आणि मागाहून मला वायरमननंच सांगितलं की आता नव्या वस्तू जन्मतःच या पंथाच्या निघतात. नवा टीव्ही, मोबाइलचा चार्जर, संगणक; पाठीमागं ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं ना, ते सगळे कमी दाबावर गुमान जास्त प्रवाह ओढतात. वेगळा डबा लावायलाच नको. समजूतदार बल्बांची पिढी संपली.

आमच्या बँकेच्या धंद्यात हा प्रकार नवा नाही. एखाद्या बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली की शहाणा माणूस काय करतो? आपले पैसे आधी काढतो. त्याच्यापुरतं ते शंभर टक्के बरोबर असतं. मग दुसरा शहाणा काढतो. शहाण्यांची रांग लागते आणि त्यांच्या शहाणपणानंच बँकेतली रोख आटते. रांगेच्या डोक्याला असलेल्यांना सगळे मिळतात, टोकाच्या माणसाला पाटी वाचायला मिळते. पेणमध्ये २०१० साली एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हापासून हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि टोकाला असतो तो आळशी असतो असंही नाही. तो त्या दिवशी शेतावर होता, एवढंच.

पण टोकाच्या माणसावरचा खरा अन्याय पाहायचा असेल तर न्यूट्रल तुटताना पाहावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले. ते निदान सरळ संकट. वीजच नाही, मग जळणार काय? त्याहून वाईट म्हणजे वाऱ्यावावटळीत नुसती न्यूट्रलची तार तुटणं. दोन फेजमधला दाब असतो ४०० व्होल्ट. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येक घराला आपले २३० मिळतात. तो तुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं नकळत एकाच माळेत ओवली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. कसे वाटतात पाहा. एका घरात हजार वॅटची कांडी चालू आहे आणि दुसऱ्यात शंभरचा एकच बल्ब. मी हिशेब केला : कांडीवाल्याच्या वाट्याला ३६ व्होल्ट, बल्बवाल्याच्या वाट्याला ३६४! ज्याच्या घरी भार कमी, त्याच्या डोक्यावर दाब जास्त. (बल्बची तार गार-गरम असण्यानं आकडे थोडे हलतील, न्याय हलत नाही.) उभ्या आयुष्यात गरिबाला श्रीमंताच्या दहापट वाटा मिळण्याची ही एकच वेळ, आणि तो जाळून टाकायला मिळतो. मी हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, “साहेब, हे तर आम्हाला हिशेब न करताच ठाऊक होतं.”

ताईंचा प्रश्न मात्र मला अजून नीट सोडवता आलेला नाही. जळलेला कॉम्प्रेसर बदलून त्या मला विचारायला आल्या होत्या, “या महिन्यात हप्ता भरू, का स्टॅबिलायझर घेऊ?” बँकेचा माणूस म्हणून उत्तर ठरलेलं होतं, ते मी दिलं नाही. शहाण्या माणसाचं उत्तरही ठरलेलं होतं : स्टॅबिलायझर घ्या, नाही तर दुसरा कॉम्प्रेसरही जाईल आणि पुढचे सगळेच हप्ते बुडतील. पण त्यांनी घेतला की टोकाची तार आणखी ओढली जाणार, आणि त्यांच्या पाठीमागं, टेकडीच्या पायथ्याशी वाडीवर दोन घरांना त्याच खांबावरून लांब वायर गेली आहे. म्हणजे एकोणिसावा खांब शेवटचा, हे वाक्यही मी सातव्या खांबाच्या बाजूनं बोलत होतो.

गागोद्याची एक गोष्ट विनोबांनी स्वतः सांगून ठेवली आहे. त्यांच्या घरी फणसाचं झाड होतं. फणस लागला की लहानगा विन्या तो कधी पिकतो म्हणून आईच्या मागं लागायचा. पिकला की आई तो फोडायची, पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि ते द्रोण याच्याच हातानं शेजारी घरोघर पाठवायची. सगळ्यांचे पोचले की मग याला जवळ बसवून गरे द्यायची. याच मुलानं पुढं, १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला, भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि भूदान सुरू झालं. मामा ही गोष्ट वर्गात सांगत. मी त्यांना म्हटलं, फणसात एक सोय आहे. गरे मोजता येतात. किती द्रोण, किती घरं, दिसतं सगळं. विजेच्या तारेत कोणाचा गरा कोणी खाल्ला हे फक्त वायरमनला कळतं.

मामांनी त्यावर एक व्यवहारी गोष्ट केली. त्यांनी वायरमनला बरोबर घेतलं आणि आठ दिवस संध्याकाळी तिन्ही खांबांवर मीटर लावून आकडे वहीत लिहून घेतले. वरच्या साहेबांनी आधी सोपा उपाय करून पाहिला होता : डीपीची टॅप बदलून मुळातच दाब वाढवून दिला. टोकाला जरा उजेड पडला. पण मध्यरात्री सगळे झोपले, भार उतरला, की डीपीला लागून असलेल्या घरांत २६० यायला लागले आणि त्यांचे बल्ब उडू लागले. ते लोक भांडायला आले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? एका तारेवरच्या सगळ्यांना एकाच आकड्यानं सुखी करता येत नाही. खरा इलाज म्हणजे टोकाजवळ दुसरी डीपी बसवणं. म्हणजे लांब पल्ला जाड तारेवरच्या अकरा हजार व्होल्टनं तोडायचा. दाब मोठा असला की तेवढ्याच विजेला प्रवाह लहान लागतो आणि वाटेतली गळती नगण्य होते. खोपोलीहून मुंबईला वीज पोचली ती याच युक्तीनं.

मामांची वही जोडून अर्ज गेला. भाऊंनी त्यावर पहिली सही केली आणि मंजुरी येईपर्यंत सात ते दहा एअरकंडिशनर बंद ठेवायचं आपणहून कबूल केलं. त्यांना तो तसाही नको होता असं मामी म्हणते. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? पहिल्याच संध्याकाळी ताईंच्या पडवीत १८८ व्होल्ट दिसले, आणि त्या मीटरकडं बघायला पोरं जमली.

अर्ज मंजूर झाला तेव्हा एक नवीन प्रश्न आला. डीपीला जागा लागते. दहा फूट बाय दहा फूट. टोकाकडच्या सगळ्यांना डीपी हवी होती, फक्त ती दुसऱ्याच्या अंगणात हवी होती. गुणगुणते म्हणतात, ठिणगी पडते म्हणतात, वाटणीच्या वेळी भाऊबंद काय म्हणतील तेही आहेच. मी बैठकीला हजर होतो. शंभर चौरस फुटांसाठी बैठकीत जेवढी शांतता पसरली तेवढी मी ऑडिटच्या दिवशी शाखेतही पाहिलेली नाही. भिंतीवर विनोबांचा फोटो होता. त्यांच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

शेवटी मामा म्हणाले, बाराव्या खांबाच्या पलीकडं आमचा एक तुकडा आहे, रायवळ आंब्याच्या बाजूचा, तिथं बघा येते का. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माणसं आली. मामी पदर खोचून बांधावर उभी होती. तिनं जागा देण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, पण वरची फांदी तोडावी लागेल असं कळल्यावर म्हणाली, “आंबा उतरल्यावर या.”

वायरमन म्हणाला, “मावशी, तोवर पाऊस येतोय.”

“मग सात फूट अलीकडं घ्या,” मामी म्हणाली, आणि टेपचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं.